श्वसनाच्या वॉर्डात नवीन लागलात? पहिल्या आठवड्यात एवढं हातात बसवा

ठाणे-नवी मुंबईत नर्सिंगचं जीएनएम किंवा बीएस्सी करून नुकत्याच ड्युटीवर लागलेल्या पोरींना छातीच्या पेशंटांचा वॉर्ड मिळाला की पहिले चार दिवस त्यांचे डोळे एकाच जागी असतात: बोटाच्या चिमट्यावर, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचे टक्के दाखवणाऱ्या पल्स ऑक्सिमीटरवर. ९६ दिसलं की हायसं वाटतं, ८९ दिसलं की पळापळ. चिमटा वाईट नाही, पण तो फार उशिरा बोलतो. त्याच्या आधी पेशंट बोललेला असतो. तो कसा, हे शिकायला मला स्वतःला बराच वेळ लागला, म्हणून हे लिहिते आहे. ब्रदर मंडळींनीही वाचावं, त्यांच्याही चुका आमच्यासारख्याच असतात.

आधी आपल्याकडे येणारा पेशंट कोण ते बघा. भिवंडीत यंत्रमागावर कापसाच्या धुळीत वर्षं काढलेले, तुर्भ्याकडच्या दगडखाणीत काम केलेले, घोडबंदर रोडच्या बांधकामांवर सिमेंट खाल्लेले. आणि मुरबाड-शहापूरकडून येणाऱ्या बाया, ज्यांनी जन्मात विडी हातात धरली नाही, पण तीस-चाळीस वर्षं चुलीपुढे फुंकणी घेऊन बसल्या. त्यांनाही सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, होतो. केस पेपरवर ‘स्मोकिंग: नाही’ लिहून पुढे गेलात तर अर्धी हिस्टरी राहिली. काम काय करत होता, घरात चूल की गॅस, घरात कुणाला टीबीची औषधं चालू होती का, हे तीन प्रश्न कायम विचारायचे.

१. हँडओव्हर बेडपाशी घ्या

नर्सिंग स्टेशनला चहा घेत ‘सगळे स्टेबल’ असा हँडओव्हर घेऊ नका. प्रत्येक बेडपाशी जा आणि नळीवरून हात फिरवत मास्कपासून भिंतीपर्यंत पोचा. हसू नका. एका रात्री मी ड्युटीवर आले तेव्हा आजोबांच्या तोंडावर मास्क व्यवस्थित होता, फ्लोमीटर (ऑक्सिजन मिनिटाला किती लिटर जातोय ते दाखवतो तो) पाचवर होता, आणि नळीचं टोक गादीखाली मोकळं पडलं होतं. चादर बदलताना निघालं असावं.

फ्लोमीटरमधला गोळा वाचताना गोळ्याचा मध्य कुठल्या रेषेवर आहे ते बघायचं, डोळ्यांच्या पातळीवर. ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरच्या बाटलीत पाणी दोन खुणांच्या मध्ये हवं, आणि ते निर्जंतुक किंवा डिस्टिल्ड हवं, नळाचं नको. सक्शन (कफ ओढून काढायचं यंत्र) चालू करून नळीच्या टोकावर अंगठा दाबा, काटा हलला पाहिजे. अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) कुठे आहे आणि तिचा मास्क तिच्याबरोबरच आहे ना, हे डोळ्यांनी बघून ठेवा. गरज पडेल तेव्हा शोधायला वेळ नसतो.

२. श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट

कुठल्याही वॉर्डातला टीपीआर चार्ट उघडा. ताप वेगवेगळा, नाडी वेगवेगळी, आणि श्वासाच्या रकान्यात २०, २०, २०, २०. वॉर्डातल्या तीस जणांचे श्वास एकसारखे कसे चालतात हा चमत्कार कुणी विचारत नाही.

मीही लिहिले आहेत असे. नोकरीचा दुसरा महिना होता, रात्रपाळी, पहाटे पाचला सगळ्या चार्टवर २० लिहून मी मोकळी झाले. सात वाजता इन्चार्ज सिस्टर आल्या, एका बाईंच्या छातीवर हात ठेवून उभ्या राहिल्या, मिनिटभर काही बोलल्या नाहीत. मग स्वतःचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “आता तू मोज.” ३४ भरले. न्यूमोनिया होता. त्या बाई आयसीयूत गेल्या आणि पुढे बऱ्या होऊन घरी गेल्या, पण तो चार्ट माझ्या डोळ्यांपुढून गेला नाही.

मोठ्या माणसाचा विश्रांतीतला श्वास मिनिटाला १२ ते २० असतो. २१ ते २४ म्हणजे लक्ष ठेवा, पुन्हा लवकर मोजा. २५ किंवा त्याच्या वर गेला की डॉक्टरांना कळवायचं. ८ किंवा कमी असेल तर तितकंच तातडीचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. एका श्वासाची चूक चार होते, आणि दम लागलेल्या माणसाचा श्वास तसाही एका लयीत नसतो.

मोजताना पेशंटला सांगायचं नाही. ‘श्वास मोजते’ म्हटलं की तो आपोआप वेगळा श्वास घ्यायला लागतो. नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरा, तोच हात त्याच्या छातीवर आडवा ठेवा आणि छातीचं वर-खाली मोजा. त्या एका मिनिटात नजर मोकळी असते, ती वापरा. मानेच्या शिरा-स्नायू ताणले जातात का, नाकपुड्या फुलतात का, बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते का, हात गुडघ्यांवर टेकवून पुढे झुकून बसलाय का.

मोजून झालं की विचारा, “काका, आज जेवायला काय होतं?” बरा माणूस म्हणतो, “वरणभात आणि दुधीची भाजी, मीठच नव्हतं.” दम लागलेला म्हणतो, “वरण…” श्वास, “भात…” श्वास, आणि मग हातानेच ‘जाऊ दे’ करतो. एका श्वासात किती शब्द निघतात, ते चार्टवर लिहा. ‘वाक्य पूर्ण करू शकत नाही’ हे पाच शब्द डॉक्टरांना पुरतात.

आणखी दोन गोष्टी इथेच सांगते, कारण दोन्ही ठिकाणी नवीन मुली फसतात. पहिली, चिडचिड. पेशंट मास्क काढून फेकतो, सलाईन ओढतो, बायकोवर ओरडतो. नातेवाईक म्हणतात, रात्रभर झोप नाही म्हणून. मेंदूला ऑक्सिजन कमी पडायला लागला की सर्वांत आधी हेच दिसतं. ओठ-नखं निळी पडणं फार उशिराचं. दुसरी गोष्ट उलटी: रात्रभर धापणारा सीओपीडीचा पेशंट पहाटे अचानक शांत झोपलेला दिसतो. सगळ्यांना बरं वाटतं. त्याला हाक मारून उठवा. नीट उठून ओळखीनं बोलला तर झोपू दे. डोळे उघडून परत मिटले, बोलणं घोटाळलं, तर तो थकलाय आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतोय असं धरून चालायचं आणि लगेच कळवायचं. दम्याच्या पेशंटची घरघर अचानक थांबली पण धाप तशीच आहे, तेही असंच: हवा आत-बाहेर जाणंच कमी झालंय.

३. आता चिमटा लावा

बोट गार असेल तर चोळून गरम करा. नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल तर दुसरं बोट बघा. लग्नसराईत दहाही बोटं रंगलेली असतात, तेव्हा कानाची पाळी. ज्या दंडाला बीपीचा पट्टा फुगतोय त्या हाताला चिमटा नको. स्क्रीनवरची नाडी आणि तुम्ही मनगटावर मोजलेली नाडी जुळते का ते बघा. जुळत नसेल तर ९८ असो नाहीतर ७८, त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. बंद खोलीत शेगडीचा धूर किंवा आगीतला धूर गेलेल्या माणसाला चिमटा छान आकडा दाखवतो, कारण कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यांतला फरक साध्या चिमट्याला कळत नाही.

४. औषधाच्या आधी बसवा

डॉक्टर यायला दहा मिनिटं लागतील, पेशंटला सरळ बसवायला एक पुरतं. आडवं पडल्यावर पोट छातीखालच्या श्वासाच्या पडद्यावर दाबतं. वॉर्डबॉय मामांना हाक मारा, आधी पेशंटला उशीकडे वर सरकवा आणि मग डोक्याकडची बाजू उचला. उलट क्रमाने केलंत तर माणूस कमरेत न वाकता पोटात दुमडतो आणि धाप वाढते. फार दम असेल तर समोर जेवणाचं टेबल घेऊन त्यावर दोन उशा ठेवा आणि हात टेकून पुढे झुकू द्या. एकाच बाजूचा न्यूमोनिया असेल तर कुशीवर झोपवताना चांगलं फुप्फुस खाली ठेवायचं, रक्त तिकडे जास्त जातं. खोकल्यातून रक्त पडत असेल तर उलट: रक्त येणारी बाजू खाली, म्हणजे चांगल्या बाजूत उतरत नाही.

मग श्वास शिकवा. ‘पर्स्ड लिप ब्रीदिंग’ असं म्हटलंत तर कुणालाही कळणार नाही. “मावशी, नाकानं श्वास घ्या, आणि गरम चहावर फुंकर मारता तसा तोंडानं हळूहळू सोडा.” घेताना दोन मोजा, सोडताना चार. आधी तुम्ही करून दाखवा.

५. ऑक्सिजन हे औषध आहे

म्हणजे त्यालाही डोस असतो. डॉक्टरांना विचारून सॅच्युरेशनचं, म्हणजे चिमट्यावरच्या आकड्याचं, लक्ष्य केस पेपरवर लिहून घ्या. बहुतेकांना ९४ ते ९८ टक्के. सीओपीडीच्या ज्या पेशंटांत कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका आहे त्यांना ८८ ते ९२. हा दुसरा आकडा नातेवाईकांना पटत नाही. ९० दिसलं की मुलगा येऊन स्वतःच नॉब फिरवतो, आणि तासाभरात बाबा गुंगीत जातात. जास्त ऑक्सिजन दिला की फुप्फुसातल्या निकामी भागाकडेही रक्त वळतं, रक्ताची कार्बन डायऑक्साइड वाहून नेण्याची ताकद कमी होते, आणि काहींच्या श्वासाची ओढही मंदावते. मुलाला एवढंच सांगा: “दादा, बाबांसाठी नव्वद बरोबर आहे. नॉबला हात लावू नका, मला बोलवा.” पण याचा अर्थ सीओपीडीवाल्याला ऑक्सिजन द्यायला घाबरायचं असा नाही. ७८ वर असलेल्या माणसाला ऑक्सिजन हवाच, लक्ष्यापर्यंत.

नाकातली नळी मिनिटाला १ ते ६ लिटरपर्यंत. साधा मास्क ५ लिटरच्या खाली कधीच लावायचा नाही, सोडलेला श्वासच माणूस परत ओढत बसतो. पिशवीवाला मास्क १० ते १५ लिटर. लावायच्या आधी पिशवी फुगवून घ्या आणि श्वास घेताना ती चपटी होत नाही ना ते बघा. व्हेंच्युरी म्हणजे ठरावीक टक्के ऑक्सिजन देणारा मास्क, त्याचे रंगीत व्हॉल्व्ह असतात, निळा २४ टक्के, पांढरा २८. किती लिटर लावायचे ते व्हॉल्व्हवरच छापलेलं असतं, पाठांतरावर जाऊ नका. कानामागे आणि नाकाच्या हाडावर नळीचे-मास्कचे वळ पडतात, दर पाळीला बघा आणि कापसाची घडी ठेवा.

सिलिंडरचा हिशेब सगळ्यांना यायला हवा, विशेषतः पेशंटला स्कॅनसाठी बाहेर न्यायचं असेल तेव्हा. ऑक्सिजनच्या सिलिंडरचं अंग काळं आणि खांदा पांढरा असतो. आपला नेहमीचा बी टाइप सिलिंडर १० लिटर पाण्याच्या मापाचा. गेजवर जेवढे किलो दाब, गुणिले १०, एवढे लिटर ऑक्सिजन शिल्लक. पूर्ण भरलेला १५० दाखवतो, म्हणजे १५०० लिटर. गेज १०० असेल आणि पेशंट मिनिटाला १० लिटरवर असेल तर १०० मिनिटं. ठाण्याहून वाशीला जाऊन-येऊन, मध्ये ऐरोलीचा ट्रॅफिक आणि स्कॅनची रांग धरली की हे पुरत नाही. जितका वेळ लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट ऑक्सिजन घेऊन निघा. आणि व्हॉल्व्ह घट्ट बसला म्हणून कुणी तेल किंवा व्हॅसलिन लावायला निघालं तर हात धरा. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं की आग लागते.

६. नेबुलायझर

आधी नाडी बघा, नंतरही बघा; श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलने नाडी वाढते, हात थरथरतात. पेशंटला आधीच सांगितलं तर तो घाबरत नाही. बसवूनच द्यायचं, कप उभा, मास्क चेहऱ्याला चिकटलेला. इप्राट्रोपियम (हेही श्वासनळ्या मोकळ्या करणारं) असेल तर डोळ्यांकडे वाफ जाऊ देऊ नका, काचबिंदूवाल्याला त्रास होतो.

इथली नेहमीची चूक अशी: पेशंट ऑक्सिजनवर आहे, नेबुलायझरचा मास्क लावायचा म्हणून ऑक्सिजन काढला, आणि मशीन तर खोलीतली हवाच मारतं. दहा मिनिटं तो ऑक्सिजनशिवाय. सीओपीडीत नेबुलायझर हवेवरच द्यावं, पण नाकातली नळी खाली चालू राहू द्या. दम्याच्या अॅटॅकमध्ये सॅच्युरेशन खाली असेल तर नेबुलायझर ऑक्सिजनवरच चालवतात, ६ ते ८ लिटरवर. ब्युडेसोनाइड (स्टिरॉइड) दिल्यावर चूळ भरायला लावा आणि चेहरा पुसा, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.

७. बेडका, मास्क आणि खिडकी

बेडक्याचा रंग, घट्टपणा, प्रमाण आणि रक्त आहे का, एवढं रोज लिहा. तपासणीला पाठवायचा तो सकाळचा पहिला, चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून काढलेला. डबीत पातळ लाळ आली तर परत द्यायला सांगा. नमुना देताना पेशंटने मोकळ्या हवेत जावं, वॉर्डात बेडवर नको.

टीबीचा संशय असेल तर पेशंटला साधा सर्जिकल मास्क आणि तुम्हाला एन-९५. लावल्यावर दोन्ही हात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. कडेने हवा निसटली तर पट्टी परत दाबा. खिडक्या उघड्या. पावसाळ्यात ‘गार वारा लागेल’ म्हणून नातेवाईक त्या लावून घेतात आणि आपण उघडतो, हा खेळ जूनपासून सप्टेंबरपर्यंत चालतो. बेड खिडकीपासून थोडा सरकवा, पांघरूण द्या, खिडकी उघडीच ठेवा. टीबी निघाला तर निक्षयवर (टीबी पेशंटांच्या सरकारी पोर्टलवर) नोंद झाली का ते विचारा. पोषणासाठीचे पैसे, नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये, त्या नोंदीवर आणि बँक खात्यावर अवलंबून असतात. लघवी केशरी झाली म्हणून घाबरून गोळ्या बंद करणारे बरेच असतात. ती टीबीच्या रिफाम्पिसिन या औषधामुळे होते, पहिल्याच दिवशी सांगून टाका.

८. छातीत नळी असेल तर

आयसीडीची (छातीत साठलेली हवा किंवा पाणी काढायच्या नळीची) बाटली कायम छातीच्या खाली. श्वासाबरोबर नळीतलं पाणी वर-खाली होतं का ते बघा. थांबलं असेल तर नळी कुठे दुमडली, पेशंट तिच्यावर झोपलाय का ते आधी शोधा. एक्स-रेला नेताना क्लॅम्प लावून पाठवू नका, बुडबुडे येत असलेल्या पेशंटमध्ये तर मुळीच नाही. आत हवा साठते. बाटलीतल्या पातळीपाशी चिकटपट्टी लावून त्यावर तारीख-वेळ लिहा. नळी बाटलीपासून सुटली तर तिचं टोक निर्जंतुक पाण्याच्या बाटलीत बुडवा आणि हाक मारा.

९. फोन कसा करायचा

“सर, सात नंबरचा पेशंट बरा वाटत नाही” यावर डॉक्टर काय करणार? असं सांगा: “सर, बेड सात, ६४ वर्षांचे, सीओपीडी. तासापूर्वी श्वास २२ होता, आता ३०. सॅच्युरेशन दोन लिटरवर ८५. वाक्य पूर्ण करत नाहीत, गुंगीत वाटतात. सरळ बसवलंय. तुम्ही आत्ता येऊन बघा, एबीजीची सिरिंज तयार ठेवते.” (एबीजी म्हणजे धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी.) शेवटचं वाक्य सोडू नका, तुम्हाला काय हवंय ते स्पष्ट मागा. फोनची वेळ नोंदवा. दहा मिनिटांत कुणी आलं नाही तर परत करा, मग त्यांच्या वरच्यांना. रागावले तर रागावू देत. फोनसाठी पेशंटला एकटं सोडू नका, वॉर्डातल्या आयामावशींना पाठवून दुसऱ्या सिस्टरला बोलवा.

१०. घरी पाठवताना

डिस्चार्जची घाई सगळ्यांना असते: बिल, गाडी, खालच्या पेशंटला बेड. तरी पाच मिनिटं काढा. पंप दोन तऱ्हेचे. फवाऱ्याचा पंप आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग दाबता दाबता हळू आणि खोल ओढायचा, दहा मोजेपर्यंत धरायचा. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) असेल तर उत्तम. कॅप्सूलवाला, म्हणजे यंत्रात कॅप्सूल घालून तिची पावडर ओढायचा, तो मात्र जोरात आणि खोल ओढायचा. दोघांत गल्लत होते.

आणि “समजलं का?” विचारू नका, सगळे हो म्हणतात. “करून दाखवा” म्हणा.

मुरबाडकडच्या एक मावशी तीन महिन्यांत तिसऱ्यांदा आमच्याकडे आल्या होत्या. प्रत्येक केस पेपरवर ‘औषधं नियमित’. मी म्हटलं, मावशी, कॅप्सूल कशी घेता दाखवा. त्यांनी पिशवीतून डबी काढली, तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि कॅप्सूल गिळून टाकली. “सकाळ-संध्याकाळ, एकदा पण चुकवली नाही,” म्हणाल्या. यंत्र? ते घरी फळीवर, खोक्यातच होतं. ‘नातवंडं खेळतील म्हणून.’

वॉर्डातलं यंत्र आणून दाखवलं. पहिल्या वेळी त्यांनी आत फुंकर मारली आणि पावडर माझ्या अॅप्रनवर आली. दुसऱ्या वेळी ओठ सैल राहिले. तिसऱ्या वेळी दोन्ही ओठ घट्ट, मान किंचित वर, आणि जोरात ओढला तशी आत कॅप्सूल खडखडली. मी बोटांवर दहा मोजले. श्वास सोडून त्यांनी जिभेनं ओठ चाचपले आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, “हे गोड लागतंय की गं.”